छायाचित्रातील व्यक्ती

"फॉर्म मी भरतो," असं प्रूफकाका म्हणाले आणि घरातल्या दोघीजणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यात जे होतं ते काकांना वाचता आलं नाही. छापलेल्या मजकुराखेरीज दुसरं काही वाचायची त्यांना सवयच नव्हती.

एकतीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. शाळेची पुस्तकं, औषधाच्या खोक्यातल्या घडीपत्रिका, संस्थांचे अहवाल, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. एकदा एका पतसंस्थेच्या अहवालात 'अध्यक्षांचे हार्दिक अभिनंदन' याच्या जागी 'अध्यक्षांचे आर्थिक अभिनंदन' असं जुळवलं गेलं होतं. काकांनी ते वेळेवर पकडलं. अध्यक्षांच्या बाबतीत चुकून जुळवलेलंच जास्त बरोबर होतं, असं छापखान्यातल्या इतरांचं मत पडलं, पण तो प्रश्न निराळा. सांगायचं ते असं, की काकांच्या हातून चूक सुटत नसे आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. 'मुद्रितशोधक' असा भारदस्त शब्द असताना इमारतीतली पोरं त्यांना 'प्रूफकाका' म्हणत. पुढे थोरांनीही तेच उचललं. या नावात निम्मं इंग्रजी आहे हे काकांना खुपायचं, पण लोकांची तोंडं कोण तपासणार?

काकांची लेक भौतिकशास्त्राची पदवीधर. दोन वर्षं आतल्या खोलीत बसून ती सरकारी परीक्षांचा अभ्यास करत होती. त्या वर्षी वजनमापे निरीक्षकांच्या एकशेबारा जागा निघाल्या. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं पकडायची, असं काम. जाहिरात वाचून काका हरखून गेले. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर सरकारने पगार द्यायचा! अगं, ही तर आपल्या घराण्याची नोकरी!"

शिवाय सरकारी नोकरीबद्दल त्यांच्या मनात एक हळवा कोपरा होता. तरुणपणी त्यांनीही एक परीक्षा दिली होती. तिचा निकाल अजून लागायचा होता. "छापखान्याचा मालक बसला की छापखाना बसतो," ते म्हणत, "सरकार कितीही बसून असलं तरी चालूच राहतं."

तर त्यांनी फॉर्म भरला. लेक म्हणाली होती, "बाबा, वीस मिनिटांचं काम आहे, मी भरते." पण तिच्या घाईवर काकांचा विश्वास नव्हता. त्यांनी छापखान्यातून अर्धी रजा टाकली, कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानात ठाण मांडलं आणि तीन तास घेतले. त्याच बैठकीत वाचनालयाचं ओळखपत्र नवं करायचं म्हणून त्यांनी स्वतःचाही फोटो चढवून घेतला. दुकानदाराने एका फोटोला 'एक' नाव दिलं आणि दुसऱ्याला 'दोन'. फॉर्म भरून झाल्यावर काकांनी तो सात वेळा वाचला. त्यातले दोन वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे, कारण उलटं वाचलं की डोळा अर्थाला भुलत नाही. काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. मग त्यांनी बटण दाबलं आणि विजयी मुद्रेने घरी आले.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना प्रवेशपत्र आलं. ते काकूंनी आधी पाहिलं. काकू शाळेत गणित शिकवत. कमी बोलत, पण उत्तर बरोबर देत.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही आहात."

लेकीचं नाव होतं. लिंग: स्त्री. वय: चोवीस. आणि शेजारच्या चौकटीत, वाचनालयाला शोभेल अशा गंभीर चेहऱ्याने, भरघोस मिशांसह, काका.

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. लेकीने ओठ आत ओढून धरले होते. काकांनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मजकुरात चूक नाही."

"नाही ना," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "मजकूर अगदी शुद्ध आहे. फक्त आपली मुलगी तुमच्यावर गेल्यासारखी वाटते."

"चित्र हा मजकूर नव्हे," काका दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "चित्रांचं खातं छापखान्यात वेगळं असतं."

"बाबा, दुरुस्ती होते," लेक म्हणाली. "तीन दिवस लिंक उघडी आहे. आत जायचं, फोटो बदलायचा..."

पण एवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे राहिले. ते कोषागारातून निवृत्त झाले होते आणि इमारतीत सगळे त्यांना 'नियमावली' म्हणत. हसण्याचा आवाज ऐकून ते खाली आले होते. कोणी विनाकारण हसत असेल तर बघावं, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी प्रवेशपत्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं.

"लिंक?" ते म्हणाले. "उद्या कोणी विचारलं की बदल कसा झाला, तर लिंक दाखवणार? तिच्यावर शिक्का असतो का? जावक क्रमांक असतो? प्रूफकाका, मी पस्तीस वर्षं सरकारात काढली. सरकार कागदावर चालतं. ॲफिडेव्हिट करा, प्रत्यक्ष जा, पोच घ्या."

"पण काका, त्यांनीच सांगितलंय की ऑनलाइन..." लेक म्हणाली.

"बाळ, सांगणारे वेगळे आणि विचारणारे वेगळे."

हे वाक्य काकांना फार आवडलं. बांधीव होतं. तळमजल्यावरचा शिंपी तेवढ्यात कपड्याचं माप घ्यायला आला, त्याने प्रकरण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढं कशाला? काकांनी मिशी काढावी आणि स्वतःच परीक्षेला बसावं." काकांचा हात नकळत मिशीकडे गेला, हे काकूंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काका परीक्षा कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक चार, 'दुरुस्ती'. पाटीवर 'दुरूस्ती' असं लिहिलं होतं, रु दीर्घ. ते बघूनच काकांचं मन खट्टू झालं. दुरुस्तीच दुरुस्त नसेल तर पुढे काय? आत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी प्रवेशपत्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"उमेदवार आपणच का?"

"मी कसा असेन? मी बाप आहे."

"कोणाचा?"

"उमेदवाराचा."

"फोटो कोणाचा आहे?"

"माझा."

"म्हणजे उमेदवार आपणच."

"अहो बाई, इथे स्त्री लिहिलंय!"

"तेही दुरुस्त करायचंय का?" बाईंनी शांतपणे विचारलं. "मग त्याचा अर्ज वेगळा."

अर्ध्या तासाने असं ठरलं, की काकांनी दोन कागद आणायचे. एक, वडिलांचं प्रतिज्ञापत्र. दोन, छायाचित्रातील व्यक्ती आणि उमेदवार या दोन भिन्न व्यक्ती असल्याबद्दल राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला. संगणकावर फोटो बदलायची शाखा याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती, पण तळमजल्याचं आणि दुसऱ्या मजल्याचं बोलणं नव्हतं.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा काकांनी स्वतः केला. नोटरीचा कारकून म्हणाला, आमच्याकडे छापील नमुना आहे. काकांनी तो पाहिला, त्यात चार चुका काढल्या आणि परत दिला. मग बाकावर बसून लिहायला घेतलं. 'सदर प्रवेशपत्रावरील छायाचित्र माझे असून...' इथवर आले आणि थांबले. हे वाक्य सरकारी दप्तरात कायमचं राहणार. उद्या कोणी तरी चहा पिता पिता ते वाचणार, शेजारच्याला दाखवणार. एकतीस वर्षांचं नाव. त्यांनी ते खोडलं आणि नव्या कागदावर लिहिलं: 'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की, सदर प्रवेशपत्रावरील छायाचित्रात दिसणारी व्यक्ती ही माझी कन्या नाही.' त्यांनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं. आटोपशीर, निर्दोष वाक्य. नोटरीने शिक्का मारला.

राजपत्रित अधिकारी शोधणं मात्र सोपं नव्हतं. नियमावलींचा शिक्का निवृत्तीबरोबरच निवृत्त झालेला. काकूंच्या शाळेतल्या कोणाचा तरी मेहुणा राजपत्रित होता, पण तो दौऱ्यावर. शेवटी कळलं, की जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर राजपत्रित असतात. काका तिथे गेले. एका शेळीच्या आणि एका रागीट कुत्र्याच्या मध्ये त्यांना जागा मिळाली. कुत्रा त्यांच्या चपलेचा वास घेत राहिला. "काय त्रास आहे?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी प्रवेशपत्र पाहिलं, लेकीचा फोटो पाहिला आणि मग स्वतः काकांना उजेडाला वळवून पाहिलं. माणसाने इतक्या बारकाईने काकांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर हनुवटीला हात लावणार आणि दात बघणार, असंही क्षणभर वाटलं.

"दोन वेगळ्या व्यक्ती आहेत," डॉक्टर म्हणाले. "शंकाच नाही." आणि त्यांनी दाखला लिहून शिक्का मारला.

बाहेर येऊन काकांनी तो वाचला. 'छायाचित्रातील व्यक्ती व उमेदवार या भीन्न आहेत असे प्रमाणीत करण्यात येते.' भीन्न! प्रमाणीत! काकांच्या छातीत कळ आली. असा कागद सरकारात देणं म्हणजे शेजारच्याच्या घरात फाटका सदरा घालून जाणं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, दोन्ही ठिकाणी वेलांट्या ऱ्हस्व केल्या आणि समाधानाने खिडकी क्रमांक चार गाठली.

"खाडाखोड आहे," बाई म्हणाल्या.

"खाडाखोड नाही, शुद्धलेखन आहे."

"दाखल्यात फेरफार चालत नाही. नवीन आणा."

काका पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टर एका गाईला सुई देत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरा दाखला लिहिला. या खेपेला 'उमेदवार'मधल्या 'द'ला काना लागला होता: 'उमेदावार'. काकांनी तो कागद घडी घालून खिशात टाकला आणि वाटेत तीनदा काढून पाहिला. पेनाला हात लावला नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, ते काकूंना पोटाचं काही तरी वाटलं.

असे सहा दिवस गेले. दरम्यान आणखी एक छायांकित प्रत कमी पडली. एका दिवशी बाई रजेवर. एकदा काका रांगेत पुढे सरकले आणि खिडकीवर जेवणाची पाटी लागली. घरी आल्यावर ते दिवसभराचा वृत्तांत सांगत, नियमावली वरून येऊन ऐकत आणि पुढच्या पायरीचा सल्ला देत. लेक आतल्या खोलीत दार लावून वाचत असे. काका एकदा काकूंना म्हणाले, "बघ, हिला काही चिंताच नाही. बाप वणवण करतोय." काकूंनी आमटीला फोडणी दिली.

अखेर सातव्या दिवशी बाईंनी दोन्ही कागद घेतले, टाचणी लावली आणि पोच दिली. काकांनी ती पोच देव्हाऱ्यात ठेवायच्या अदबीने पाकिटात ठेवली.

परीक्षेच्या सकाळी लेकीने पिशवीतून प्रवेशपत्र काढलं. त्यावर तिचा स्वतःचा फोटो होता, नीटनेटका, केस मागे बांधलेला.

"झालं!" काका ओरडले. "पाहिलंत? कागदाला पर्याय नाही! दोन दिवसांत काम!"

लेक काही तरी बोलणार होती. काकूंनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "आल्यावर बोल. आधी पेपर."

केंद्र म्हणजे एक जुनी शाळा होती. फाटकापाशी पदवीधरांची ही गर्दी. एकशेबारा जागांसाठी, कोणी सांगत होतं, त्रेचाळीस हजार अर्ज होते. कोणी शेवटच्या क्षणी वही चाळत होतं, कोणी डोळे मिटून ओठ हलवत होतं. दहाला वर्गांची दारं बंद होणार होती. पावणेदहाला लेक आत गेली आणि काका कुंपणापाशी कृतार्थ उभे राहिले.

दहा मिनिटांनी शिपाई बाहेर आला. "आत अडवलेल्या मुलीचे वडील कोण? मिशीवाले?"

आत केंद्रप्रमुख बाई टेबलामागे उभ्या होत्या. लेक शेजारी, चेहरा पांढरा पडलेला. टेबलावर यादी होती, यादीत तिच्या क्रमांकापुढे लाल फुली होती आणि सोबत काकांचं प्रतिज्ञापत्र.

"हे तुमचंच?"

"भाषा माझीच आहे," काका म्हणाले.

"तुम्ही शपथेवर लिहून दिलंय, की प्रवेशपत्रावरच्या फोटोतली व्यक्ती तुमची मुलगी नाही." बाईंनी प्रवेशपत्र वर धरलं. "ही कोण आहे?"

"माझी मुलगी."

"मग शपथ खोटी?"

"अहो, तेव्हा तिथे दुसरा फोटो होता!"

"कोणाचा?"

खोलीत दोन पर्यवेक्षक होते, शिपाई होता, दारात चार उमेदवार होते. काकांनी एकेकाकडे पाहिलं. "माझा," ते म्हणाले.

"तसं इथे कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. ते सुंदर, निर्दोष, आटोपशीर वाक्य टेबलावर पडलं होतं आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांच्या लेकीला नाकारत होता.

"फोटो पहिल्याच संध्याकाळी बदलला होता मी, लिंकवर," लेक हळूच म्हणाली. "नंतर यांचा कागद पोचला असणार."

केंद्रप्रमुख बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहाला चार मिनिटं कमी होती. "माझ्या हातात एवढंच आहे. वडिलांनी आत्ता, माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने खुलासा लिहून द्यावा. मग मी बसू देते. दोन ओळी."

काकांनी कागद ओढला. 'उपरोक्त विषयास अनुसरून, तत्कालीन परिस्थितीचा साकल्याने विचार करता, अधोस्वाक्षरीकार...' इथे त्यांचं पेन अडलं. अधोस्वाक्षरीकार हा शब्द बरोबर की अधःस्वाक्षरीकार? एक मिनिट गेलं. शिपाई वर्गांच्या दारांकडे निघाला.

"बाबा," लेक म्हणाली. "मी सांगते ते लिहा. नवा कागद घ्या."

काकांनी नवा कागद घेतला. आयुष्यात प्रथमच कोणी तरी त्यांना मजकूर सांगत होतं.

"अर्जावर मुलीच्या फोटोऐवजी मी माझा फोटो लावला होता."

त्यांनी लिहिलं.

"तो आता बदलला आहे. आताच्या फोटोतली व्यक्ती माझी मुलगी आहे."

त्यांनी लिहिलं.

"चूक माझी होती."

पेन कागदापासून अर्ध्या बोटावर थांबलं. "'अनवधानाने' असं घालू का?" काकांनी विचारलं. "वाक्याला तोल येईल."

"नको."

"निदान 'अल्पशी'?"

"बाबा, दोन मिनिटं आहेत."

काकांनी लिहिलं. चूक माझी होती. तीन शब्द. "पुढे?"

"पुढे काही नाही. सही करा."

त्यांनी सही केली आणि लेक वर्गाकडे धावली. तिच्या पाठीमागे वर्गाची कडी लागल्याचा आवाज आला.

तीन तास काका शाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसले. शेजारी इतर आईबाप होते. कोणी डबे धरले होते, कोणी छत्र्या. एका गृहस्थांनी ओळख काढली आणि म्हणाले, "तुम्हाला आत बोलावलं होतं ना? वरपर्यंत ओळख दिसते. माझ्या मुलाचा पुढच्या महिन्यात बँकेचा फॉर्म आहे, जरा बघून द्याल?"

"मुलगा किती शिकलाय?" काकांनी विचारलं.

"अभियंता आहे."

"मग त्याला भरू द्या," काका म्हणाले आणि लांब सरकून बसले.

लेक बाहेर आली ती थकलेली आणि बरी दिसत होती. दोघं बसथांब्याकडे चालू लागली.

"पहिल्याच संध्याकाळी बदललास," शेवटी काका म्हणाले, "तर मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही नियमावलीकाकांना ॲफिडेव्हिटला मराठी शब्द सांगत होतात. 'हो हो' म्हणालात." "दुसऱ्यांदा सांगणार होते. पण तुम्ही दिवसभर बाहेर असायचात, आणि खरं सांगू का बाबा, घर इतकं शांत होतं... आई म्हणाली, फिरू दे त्यांना, तुझा अभ्यास होतोय."

काका चालत राहिले. शेळी, कुत्रा, जेवणाची पाटी, तो 'उमेदावार', सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांना रागवायचं होतं. राग कुठून सुरू करावा ते सापडेना.

"किती झाला अभ्यास?" त्यांनी विचारलं.

"राहिलेला सगळा. दोनदा."

"म्हणजे," काका म्हणाले, "मी गेलो ते वाया गेलं नाही."

"अजिबात नाही," लेक म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसली.

निकाल दहा महिन्यांनी लागला. एकशेबारा जागांत तिचा क्रमांक सत्त्याऐंशीवा. कागदपत्रांच्या पडताळणीला काका गेले नाहीत. त्यांना कोणी अडवलं नव्हतं. ते आपण होऊन वाचनालयात जाऊन बसले. पुढे नेमणुकीचं पत्र आलं. नियमावली खाली आले, शिंपी वर आला, दार उघडंच होतं.

लेकीने पत्र वाचून वडिलांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा लावला. पत्र एकाच पानाचं होतं. सुरुवातीलाच तिच्या नावामागे 'श्री.' होतं. दुसऱ्या ओळीत 'नियुक्ति'. तिसऱ्यात 'वजनमापे निरिक्षक'. खाली 'रूजू व्हावे', तेही रू दीर्घ. काकांची नजर प्रत्येक ठिकाणी थांबली आणि पुढे गेली. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. लेक काकांच्या सदऱ्याच्या खिशाकडे, तिथल्या लाल पेनाकडे बघत होती.

काकांनी पत्राची घडी घातली, पाकिटात सरकवलं आणि तिच्या हातात परत दिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

काकू पदराला हात पुसत पुढे आल्या आणि त्यांनी काकांच्या कपाळावर पालथा हात ठेवून पाहिला.

"अहो," त्या काळजीने म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"